आंबेडकर, भीमराव रामजी : मुंबई विधिमंडळातील कारकीर्द

(१४ एप्रिल १८९१–६ डिसेंबर १९५६). भारतीय संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष व दलितांचे नेते म्हणून सर्वपरिचित असलेले डॉ. आंबेडकर १९२७ पासून मुंबई प्रांताच्या विधिमंडळाचे सदस्य होते. प्रथम सरकारनियुक्त व १९३७ पासून लोकनियुक्त. त्यांच्या जीवनाचा हा भाग गोलमेज परिषद, पुणे करार आणि संविधाननिर्मिती यांच्या तेजात काहीसा झाकोळला गेला आहे. त्यांनी प्रांतिक सभागृहात मांडलेल्या विधेयकांपैकी महत्त्वाची विधेयके त्या सभागृहाने संमत केली नाहीत, हेही त्याचे एक कारण असावे. तथापि कोकणातील, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातील, कुळांच्या प्रश्नाला कायदेमंडळात वाचा फोडणारे आमदार म्हणून त्यांचे कार्य स्वतंत्रपणे नोंदवण्याजोगे आहे.

आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे रत्नागिरी जिल्ह्याच्या आजच्या मंडणगड तालुक्यात आहे. त्यांचा जन्म मात्र मध्य भारतातील महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी मालोजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. निवृत्तीनंतर हे कुटुंब काही काळ दापोलीस येऊन राहिले व नंतर साताऱ्यास गेले. दापोली हे त्या काळी निवृत्त सैनिकांच्या वस्तीचे गाव होते. अस्पृश्यांच्या हक्कांसाठी सरकारकडे अर्ज-विनंत्या करणारे पहिल्या पिढीतील कार्यकर्ते गोपाळबाबा वलंगकर हेही निवृत्तीनंतर तेथेच राहत असत. खोताच्या गावात राबणाऱ्या महार कुटुंबाला शाळा व इंग्रजी विद्येपर्यंत पोचण्याची जी एक वाट होती, ती लष्करातून जात असे. पुढे महारांची सैन्यभरती बंद झाली आणि तीही वाट अडली. आंबेडकरांच्या पत्नी रमाबाई दापोलीजवळच्या वणंद गावच्या. त्यांचे वडील दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहण्याचे काम करीत. सारांश, कोकणातील कष्टकऱ्यांचे जीवन आंबेडकरांना केवळ अहवालांतून माहीत झालेले नव्हते.

खोतीची पार्श्वभूमी : मुंबई इलाख्याच्या बहुतेक भागात रयतवारी पद्धती होती. तीत सरकार व जमीन कसणारा खातेदार यांच्यामध्ये कोणी नसे. रत्नागिरी जिल्ह्यातील बहुसंख्य गावे मात्र खोती होती. कुलाबा (सध्याचा रायगड) व ठाणे जिल्ह्यांच्या काही भागांतही ही पद्धती आढळे. त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचाही बराच भाग मोडत असे. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला. खोत हा गावाच्या साऱ्याबद्दल सरकारला जबाबदार असे. ठरलेला सारा त्याने भरावयाचा आणि कुळांकडून जे मिळेल त्यातून सारा वजा जाता उरेल तो त्याचा फायदा. या पद्धतीची मुळे विजापूरच्या आदिलशाहीपर्यंत नेली जातात. ओसाड जमीन लागवडीस आणण्यासाठी नेमलेला हा मक्तेदार कालांतराने वंशपरंपरेने गावाचा धनी होऊन बसला. खोतांत ब्राह्मण, मराठा, मुसलमान अशा विविध समाजांचे लोक होते. कुळे बहुधा कुणबी, महार, भंडारी इ. समाजांतील असत.

सर्व कुळांचा दर्जा सारखा नसे. धारेकरी हा फक्त सरकारी धारा भरी व तो खोताच्या माध्यमातून सरकारजमा होई. त्याची जमीन जवळजवळ मालकीचीच असे. त्याच्या खाली कायम कुळे आणि सर्वांत खाली खोताच्या मर्जीवर जमीन कसणारी साधी कुळे. या शेवटच्या वर्गाला खंड बहुधा धान्यात द्यावा लागे. भातशेतीवर निम्मे पीक खोताला देणारा तो अर्धेली, वरकस जमिनीवर तिसरा हिस्सा देणारा तो तिर्धेली. उभे पीक शेतात असतानाच खोताची माणसे त्याचा अंदाज बांधीत. यास अभावणी म्हणत. अंदाज चढा झाला, तर फरक कुळाच्या घरातल्या धान्यातून भरून निघे. याशिवाय वेठ होतीच. दर आठ दिवसांतून एक दिवस खोताच्या शेतावर फुकट राबण्याच्या जुन्या चालीस अठवेठ असे नाव होते. ब्रिटिश अंमलात अशा हक्कांवर निर्बंध आले, पण गावात कागदापेक्षा खोताच्या शब्दाला वजन असे. घर बांधण्यास, लावलेले झाड तोडण्यास खोताची संमती लागे, अशी बऱ्याच गावांतील स्थिती होती.

सरकारने या संबंधांना निश्चित रूप देण्याचा प्रयत्न १८८० च्या खोती अधिनियमाने केला. १८४५ पासून सलग जमीन कसत असल्याचे ज्यास सिद्ध करता येईल, त्या कुळाला त्याने कायम वहिवाटीचा हक्क दिला. ज्याला ते सिद्ध करता येत नव्हते, तो मात्र खोताच्या इच्छेवरच राहिला. निरक्षर कुळाजवळ पस्तीस वर्षांपूर्वीचा पुरावा कोठून असणार, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांस फारसा पडलेला दिसत नाही. उलट विधिमंडळात या कायद्याला विरोध झाला तो खोतांच्या बाजूने. मुरुड (ता. दापोली) येथील रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक हे विद्वान व निःस्पृह सदस्य स्वतः खोत घराण्यातील होते व त्यांनी खोतांचे वतनी हक्क हिरावले जात असल्याची तक्रार केली. पुढे लोकमान्य टिळकांनीही केसरीतून खोतांची कड घेतली. चिखलगावची खोती त्यांच्याही घराण्यात होती. या थोर पुरुषांच्या हेतूंविषयी शंका घेण्याचे कारण नाही. सरकारी हस्तक्षेपाविरुद्ध एतद्देशीयांचे हक्क राखण्याचा प्रश्न म्हणून ते याकडे पाहत होते. पण रत्नागिरीच्या कुळाचा प्रतिनिधी सभागृहात नव्हता, ही वस्तुस्थिती त्यामुळे बदलत नाही.

कुळाला भुकेच्या महिन्यांत गाव सोडण्यावाचून गत्यंतर नसे. १९११ च्या जनगणनेनुसार मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगारांपैकी जवळजवळ निम्मे लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. गिरणीतून गावी जाणाऱ्या मनीऑर्डरीचा काही भाग खोताचे देणे व सावकाराचे व्याज यांतच जिरत असे. परळच्या चाळीतला कामगार आणि खेड, चिपळूण, संगमेश्वरकडचे कूळ ही अनेकदा एकाच घरातली माणसे होती. हे ध्यानात घेतले म्हणजे आंबेडकरांच्या राजकारणात शेतकरी व कामगार यांचे प्रश्न एकत्र का येतात, याचा उलगडा होतो.

नियुक्त सदस्य : १९१९ च्या भारत सरकार कायद्यानुसार मुंबईच्या विधिमंडळात अस्पृश्य वर्गांसाठी प्रथम एकच नियुक्त जागा होती, १९२७ मध्ये आंबेडकर व डॉ. पु. गो. सोळंकी या दोघांची नियुक्ती झाली. आंबेडकरांनी १८ फेब्रुवारी १९२७ रोजी शपथ घेतली. सहाच दिवसांनी, २४ फेब्रुवारीस, अर्थसंकल्पावर त्यांचे पहिले भाषण झाले. कोलंबिया विद्यापीठ व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या संस्थांत सार्वजनिक अर्थव्यवहाराचा अभ्यास केलेला हा सदस्य सरकारनियुक्त असूनही सरकारच्या करपद्धतीवरच तुटून पडला. प्राप्तिकरात ठराविक उत्पन्नाखालील माणसाला सूट मिळते, पण शेतसारा मात्र एका बिघ्याच्या धन्यालाही तितक्याच सक्तीने द्यावा लागतो. पीक बुडाले तरी त्याची सुटका नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

१२ मार्च रोजी शिक्षणावरील अनुदानाच्या चर्चेत त्यांनी सरकारी अहवालांतील आकडेच सभागृहापुढे ठेवले. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. निदान दारूतून जेवढे घेतले तेवढे तरी शिक्षणावर परत करावे, असे त्यांचे म्हणणे होते. प्राथमिक शिक्षण घेणाऱ्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या दर हजारी पुढारलेल्या हिंदूंत ११९, मुसलमानांत ९२, मध्यम वर्गांत ३८ आणि मागासवर्गांत अवघे १८ होते. समाजाच्या पायऱ्या अशा असमान असताना सर्वांना सारखे वागवणे म्हणजे विषमता कायम राखणे होय, हा पुढे संविधानसभेतही आढळणारा विचार येथे प्रथम अंकांच्या आधारे मांडला गेला.

याच सुमारास विधिमंडळाच्या ठरावाला प्रत्यक्षात उतरवण्याचा प्रसंग महाड येथे घडून आला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा ठराव सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी विधिमंडळात संमत करून घेतला होता. सरकारने तत्संबंधी आदेशही काढले. महाडच्या नगरपालिकेने आपला तलाव खुला असल्याचे ठरवलेही. तथापि चार वर्षे कोणीही त्या पाण्यास स्पर्श केला नव्हता. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले व पाणी प्याले. सभागृहातील शपथविधीस तेव्हा जेमतेम महिना झाला होता. या परिषदेच्या संघटकांत अनंतराव चित्रे प्रमुख होते. त्यांचा उल्लेख पुढे येईल.

त्याच वर्षी ऑक्टोबरात लहान शेतजमिनींविषयीचे सरकारी विधेयक चर्चेस आले. तुकडे पडू नयेत म्हणून ठराविक आकाराखालील जमिनीचे विभाजन थांबवावे, अशी त्यातील योजना होती. आंबेडकरांनी तिला विरोध केला. या विषयावर त्यांनी १९१८ मध्येच एक निबंध प्रसिद्ध केला होता. जमीन लहान आहे म्हणून शेती तोट्याची ठरत नाही, तर तिच्यावर राबणाऱ्या माणसांच्या मानाने भांडवल व अवजारे अपुरी आहेत म्हणून ती तोट्यात जाते. वाटण्या बंद करून उरलेल्यांना भूमिहीन करण्यापेक्षा मालकी कायम ठेवून सहकारी पद्धतीने शेती करावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. चोहोंकडून विरोध झाल्याने सरकारने ते विधेयक पुढे रेटले नाही.

गिरण्यांतील स्त्रियांना प्रसूतीपूर्वी व नंतर भरपगारी विश्रांती देणाऱ्या विधेयकाला त्यांनी जुलै १९२८ मध्ये पाठिंबा दिला. मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ अधिनियम १९२९ मध्ये झाला. स्त्रीच्या श्रमाचा लाभ मालक घेतो, तेव्हा या खर्चाचा काही भार त्याने उचलणे न्याय्य आहे, हा त्यांचा युक्तिवाद आज सर्वमान्य वाटतो. त्या सभागृहात तो तसा नव्हता.

महार वतनाविषयीचे त्यांचे स्वतःचे विधेयक १९ मार्च १९२८ रोजी मांडले गेले. १८७४ च्या वतन अधिनियमानुसार महार हा गावचा हलक्या दर्जाचा वतनदार नोकर होता. थोडी इनाम जमीन आणि रयतेकडून मिळणारे बलुते या मोबदल्यात त्याने व त्याच्या कुटुंबाने दिवसरात्र केव्हाही सरकारी व गावकीच्या कामास हजर राहावयाचे. कामाच्या तासांना मर्यादा नाही व मोबदल्याची हमीही नाही. ज्यांना वतन सोडून जमीन पूर्ण आकारावर घ्यावयाची असेल त्यांना तशी मुभा द्यावी, बलुत्याऐवजी रोख रकमेची तजवीज करावी व महाराने कोणाची कोणती कामे करावयाची ते निश्चित व्हावे, अशा तरतुदी आंबेडकरांनी सुचवल्या. विधेयक प्रवर समितीकडे गेले. तेथे त्याचे स्वरूप इतके पालटले की, २४ जुलै १९२९ रोजी त्यांनी ते मागे घेतले. हा प्रश्न सुटण्यास आणखी तीस वर्षे लागली. कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली.

एप्रिल १९२९ मध्ये चिपळूण येथे रत्नागिरी जिल्ह्यातील शेतकऱ्यांची परिषद आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली. खोती ही कुळांना दास्यात ठेवणारी पद्धती असून ती गेलीच पाहिजे, अशी भूमिका तेथे उघडपणे घेण्यात आली. कुणबी व महार कुळे एका मांडवात आली, हेही विशेष. कारण खोतापुढे दोघांची स्थिती सारखी असली, तरी गावच्या पाणवठ्यावर ती सारखी नव्हती. पुढील काही वर्षे आंबेडकर गोलमेज परिषदांत गुंतले. त्या अवधीत शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात अलिबागजवळील चरी या गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोत-सावकारांच्या जमिनी न कसण्याचा संप पुकारला. १९३३ मध्ये सुरू झालेला हा संप सहा वर्षे चालला. पेरणी न करता, मोलमजुरी व मासेमारीवर गुजराण करीत सहा वर्षे तग धरणाऱ्या कुळांचा हा लढा भारतीय शेतकरी चळवळीत अपूर्व आहे. आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला व त्यातून दोन्ही नेत्यांत सहकार्य निर्माण झाले.

स्वतंत्र मजूर पक्ष व १९३७ ची विधानसभा : १९३५ च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांना स्वायत्तता मिळाली. मुंबई प्रांतात विधानसभा व विधान परिषद अशी दोन सभागृहे झाली. विधानसभेच्या १७५ जागांपैकी १५ पुणे कराराप्रमाणे अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या. आंबेडकरांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली. नावात जातीचा उल्लेख नाही, ही गोष्ट हेतुपूर्वक केलेली होती. फेब्रुवारी १९३७ च्या निवडणुकीत पक्षाने १७ उमेदवार उभे केले व त्यांपैकी १४ निवडून आले. खुद्द आंबेडकरांना मुंबईच्या भायखळा-परळ मतदारसंघात १३,२४५ मते मिळाली. त्यांचे काँग्रेसचे प्रतिस्पर्धी नामवंत क्रिकेटपटू पळवणकर बाळू यांना ११,२२५ मते पडली. पक्षाच्या सर्वसाधारण जागांवरील विजयी सदस्यांत अनंतराव चित्रे आणि श्यामराव परुळेकर हे सवर्ण कार्यकर्ते होते. दोघांनीही कोकणातील कुळांमध्ये काम केले होते. परुळेकर पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले व ठाणे जिल्ह्यातील वारली आदिवासींच्या लढ्यामुळे प्रसिद्धीस आले.

जुलै १९३७ मध्ये बाळ गंगाधर खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर आले. महसूल खाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. मंत्र्यांना दरमहा ५०० रु. वेतन ठरवणाऱ्या विधेयकाला आंबेडकरांनी विरोध केला. त्याग म्हणून हे आकर्षक असले तरी त्यामुळे कारभार फक्त सुखवस्तूंच्या हाती राहण्याचा धोका आहे, असे त्यांना वाटे. ही टीका तेव्हा अप्रिय झाली.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी खोती पद्धती नष्ट करणारे विधेयक विधानसभेत मांडले. त्याची रचना साधी होती : खोती रद्द करावी, खोतांना त्यांच्या हक्कांच्या हानीबद्दल वाजवी भरपाई द्यावी, आणि जमीन प्रत्यक्ष ज्यांच्या कब्जात आहे त्यांना १८७९ च्या जमीन महसूल अधिनियमाखालील कब्जेदाराचा, म्हणजेच रयतवारी खातेदाराचा, दर्जा द्यावा. इलाख्यातील इतर शेतकऱ्याला जे स्थान शंभर वर्षे होते, ते रत्नागिरीच्या कुळाला मिळावे, एवढीच ही मागणी. भरपाईच्या कलमावर पुढे काही जहाल टीकाकारांनी आक्षेप घेतला. परंतु १९३५ च्या कायद्याच्या २९९ व्या कलमान्वये मोबदल्याशिवाय जमीन घेणारा कायदा करण्यास प्रांतिक विधिमंडळाला मुभा नव्हती; इतकेच नव्हे, तर जमिनीवरील हक्क नष्ट करणारे वा बदलणारे कोणतेही विधेयक मांडण्यासाठी गव्हर्नरची पूर्वसंमती आवश्यक होती. खासगी सदस्याच्या विधेयकास मिळणारा वेळ मुळातच थोडा. अशा चौकटीत टिकेल असा मसुदा करणे हे जहाल भाषण करण्यापेक्षा कठीण काम होते आणि कायदेपंडित आंबेडकरांनी ते केले होते.

सरकारने या विधेयकाला गती दिली नाही. काँग्रेसच्या कार्यक्रमात कूळसंरक्षण होते, पण कोकणातील पक्षसंघटनेत खोत घराण्यांतील मंडळींचे वजन होते. शिवाय शेतीसुधारणेचा विषय सरकारच्याच विधेयकाने हाताळला जावा, अशी मंत्रिमंडळाची स्वाभाविक इच्छा असणार. तेव्हा सभागृहाबाहेरून दबाव आणण्याचे ठरले. १० जानेवारी १९३८ रोजी रत्नागिरी, कुलाबा, ठाणे व इतर जिल्ह्यांतून आलेल्या सुमारे वीस हजार शेतकऱ्यांचा मोर्चा आझाद मैदानावरून कौन्सिल हॉलकडे निघाला. कोकण रेल्वे अर्थातच नव्हती. कोकणातून मुंबई गाठण्याचा मुख्य मार्ग त्या काळी आगबोटीचा होता. लंगोटी व घोंगडी अशा वेषातील ही माणसे लाल बावटे घेऊन शहराच्या किल्ला भागातून जाताना पाहणे मुंबईकरांना अगदी नवे होते. चित्रे, परुळेकर आणि गुजरातमधील शेतकरी नेते इंदुलाल याज्ञिक मोर्चाच्या अग्रभागी होते. आंबेडकरांसह शिष्टमंडळ मुख्यमंत्री (त्या वेळच्या संज्ञेनुसार पंतप्रधान) खेर यांना भेटले. खोती व इनामदारी नष्ट करावी, थकलेला खंड माफ व्हावा, शेतमजुरांना किमान वेतन मिळावे इ. मागण्या त्यांनी मांडल्या. खेर यांनी सहानुभूतीने ऐकून घेतले. आश्वासन मात्र मोघम होते.

ज्या सभागृहाच्या दारापर्यंत हा मोर्चा गेला, ती वास्तू मुळात खलाशांच्या निवासासाठी बांधलेली होती. १९२८ पासून काही दशके तेथे विधिमंडळ भरे. पुढे तेथे राज्य पोलीस मुख्यालय आले.

१९३८ मध्ये सरकारने औद्योगिक कलहांविषयीचे विधेयक आणले. संपापूर्वी तडजोडीची सक्ती करणाऱ्या व विशिष्ट परिस्थितीत संप बेकायदा ठरवणाऱ्या त्यातील तरतुदींवर आंबेडकरांनी प्रखर टीका केली. माणसाला स्वातंत्र्य आहे असे मानले, तर संपाचा हक्क हे त्याचेच दुसरे नाव होय, असे त्यांचे मत होते. विधेयक संमत झाले. त्याच्या निषेधार्थ ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला व त्यात कम्युनिस्ट व स्वतंत्र मजूर पक्ष एकत्र आले. त्याच महिन्यात संततिनियमनाच्या प्रसारास सरकारने चालना द्यावी, असा ठराव त्यांच्या वतीने प्रभाकर रोहम यांनी मांडला. सभागृहाने तो फेटाळला.

सरकारचा कूळ अधिनियम १९३९ मध्ये संमत झाला. १ जानेवारी १९३८ पूर्वी सलग सहा वर्षे जमीन कसणाऱ्या कुळाला त्याने संरक्षित कुळाचा दर्जा दिला. चरीच्या संपाचा व कोकणातील चळवळीचा हा परिणाम होता, यात संशय नाही. खोती मात्र कायम राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळांनी नोव्हेंबर १९३९ च्या सुरुवातीस राजीनामे दिले, मुंबई प्रांतात गव्हर्नरची राजवट आली आणि अधिवेशने थांबली. आंबेडकरांच्या विधेयकाचे कायद्यात रूपांतर होण्याची शक्यता त्यामुळे संपली. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून गेले. त्याच महिन्यात स्वतंत्र मजूर पक्षाची जागा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने घेतली. आंबेडकरांची प्रांतिक कारकीर्द येथे संपते. पक्षाच्या या रूपांतरामुळे त्यांचे राजकारण अखिल भारतीय झाले, पण कुणबी व महार कुळांची कोकणातील एकजूट मागे पडली. पक्षाचा विस्तार होत असताना घडलेली ही हानी चरित्रकारांनी फारशी विचारात घेतलेली नाही.

नंतरचा इतिहास : खोती नष्ट झाली ती स्वातंत्र्यानंतर. मुंबई खोती निर्मूलन अधिनियम १९४९ हा काँग्रेस सरकारने केला व १५ मे १९५० पासून तो रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांत अंमलात आला. त्याने खोती व तिच्याशी निगडित सर्व हक्क रद्द केले. गावातील पडीक जमीन सरकारकडे गेली, धारेकरी थेट कब्जेदार झाले, तर कायम कुळांना ठराविक रक्कम भरून तो दर्जा मिळवता आला. खोताची खासगी जमीन खोताकडेच राहिली. १९३७ च्या मसुद्याशी ताडून पाहिल्यास येथे मोठा फरक दिसतो : साध्या कुळाला या कायद्याने मालकी दिली नाही. त्याचे व खोताचे नाते कूळ कायद्यावर सोपवण्यात आले. त्याला मालकीची वाट १९५६ च्या दुरुस्तीने व १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाने खुली केली. तोपर्यंत अनेक ठिकाणी कुळाचे नाव कागदोपत्री लागलेले नव्हते किंवा त्याच्याकडून जमीन सोडल्याचे राजीनामे लिहून घेतले गेले होते. शिवाय घरातील कर्ते पुरुष गिरणीत, गावी जमीन कसते ती म्हातारी किंवा सून. पीकपाहणीच्या वेळी तलाठ्यापुढे उभे राहणार कोण? रत्नागिरी जिल्ह्यातील महसूल कचेऱ्यांत कूळहक्काचे दावे पुढे अनेक वर्षे चालत राहिले, त्याचे मूळ या परिस्थितीत आहे.

आंबेडकरांची मुंबई विधिमंडळातील भाषणे व विधेयकांचे मसुदे महाराष्ट्र शासनाने त्यांच्या समग्र वाङ्‌मयाच्या दुसऱ्या खंडात १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. खोतीविषयक विधेयक त्यात उद्देश व कारणांच्या निवेदनासह छापलेले आहे.